देवमाशाच्या शवविच्छेदनाची घाई कशासाठी?

प्रश्न : किनाऱ्याला लागून मेलेल्या प्रचंड देवमाशाचे शवविच्छेदन शास्त्रज्ञ एवढ्या तातडीने का करतात? सांगाडा तर नंतरही हाती लागतो. मग थोडा उशीर झाला तर नेमके काय हरवते?

उत्तर : सांगाडा मिळतो हे खरे, परंतु देवमाशाविषयी जे जाणून घ्यायचे असते, त्यातील फार मोठा भाग हाडांत नसतोच. स्वरयंत्र, हृदय, अनेक कप्प्यांचे जठर हे सारे मऊ अवयव असून, नासण्यास सुरुवात त्यांच्यापासूनच होते. कातडीखालील चरबीचा जो जाड थर जिवंतपणी थंड पाण्यात शरीराची ऊब राखतो, तोच मृत्यूनंतरही ती आत कोंडून ठेवतो, त्यामुळे बाहेरून धड दिसणारे शव आतून झपाट्याने सडते आणि त्यात वायू साठत जातो. २००४ च्या जानेवारीत तैवानमधील तैनान शहरात स्पर्म व्हेल जातीचा एक मोठा देवमासा शवविच्छेदनासाठी वाहनावरून नेत असताना भर रस्त्यात फुटला, तो याच वायूच्या दाबामुळे.

उशिराची किंमत अ‍ॅबर्डीनचे शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक जॉन स्ट्रदर्स यांना चांगलीच ठाऊक होती. स्कॉटलंडमधील डंडीजवळ, टे नदीच्या मुखात, १८८३ च्या अखेरीस एका हंपबॅक जातीच्या देवमाशावर हार्पून (दोरी बांधलेला शिकारीचा भाला) मारण्यात आला. तो निसटला, पण आठवडाभराने समुद्रात मृत तरंगताना आढळला. तेलाचा व्यापार करणाऱ्या जॉन वुड्स यांनी तो विकत घेऊन तिकीट लावून लोकांना दाखवला. स्ट्रदर्स यांना विच्छेदनाची संधी मिळाली ती १८८४ च्या जानेवारीच्या अखेरीस, तीही बँड वाजत असताना आणि प्रेक्षकांच्या देखत. पुढे ते शव मसाला भरून गावोगाव फिरवण्यात आले आणि उरलेले विच्छेदन ऑगस्टपर्यंत लांबले. अशा अडचणीतही त्यांनी देवमाशांच्या मागच्या पायांच्या अवशेषांचा जो बारकाईने अभ्यास केला, तो मला विलक्षण वाटतो. हे लहानसे अवशेष पाठीच्या कण्याला जोडलेले नसतात, मांसात दडलेले असतात आणि त्यांचा काही भाग केवळ कूर्चेचाही असू शकतो. त्यामुळे कोणी मुद्दाम शोधल्याशिवाय ते मांसाबरोबरच फेकले जातात, आणि देवमाशांचे पूर्वज चार पायांचे होते याचा शरीरातच असलेला पुरावा नाहीसा होतो.

हा प्रश्न केवळ जुन्या काळापुरता नाही. फिन व्हेल या जातीच्या देवमाशाची हाडे संग्रहालयांतून कित्येक पिढ्यांनी पाहिली होती. तरीही त्याच्या खालच्या जबड्याच्या दोन हाडांच्या टोकांमध्ये एक संवेदनशील अवयव असतो, हे २०१२ मध्येच प्रसिद्ध झाले. तोंड प्रचंड उघडून पाण्याचा लोंढा आत घेताना जबड्यांच्या हालचालींची जाणीव करून देण्याचे काम हा अवयव करत असावा, असे संशोधकांचे मत आहे. तो उजेडात आला, तो आइसलंडमध्ये शिकारीतून मिळालेली ताजी शवे तपासता आली म्हणून.

म्हणूनच किनाऱ्यावर पोहोचलेले पथक आधी मोजमापे व छायाचित्रे घेते, मग कातडी, चरबी आणि आतील अवयवांचे नमुने काढते. मिशीधारी, म्हणजे दातांऐवजी तोंडात गाळणीसारख्या पट्ट्या असलेला देवमासा असेल, तर कानातील मळाचा खडा जपून काढला जातो, कारण त्यातील थरांवरून वय ठरवता येते. हाडांची पाळी सर्वांत शेवटी येते. त्यांत मुरलेले तेल निघून जावे म्हणून ती पुष्कळदा दीर्घकाळ पुरून ठेवावी लागतात, आणि त्या कामाला मात्र घाई नसते.