चाळीस यार्डांची धाव की तीन वर्षांचा खेळ?

अमेरिकन फुटबॉलच्या ड्राफ्टविषयी, म्हणजे व्यावसायिक संघ महाविद्यालयीन खेळाडूंना फेऱ्याफेऱ्यांनी क्रमवार निवडून घेतात त्या प्रक्रियेविषयी, वाचकांकडून आलेल्या तीन प्रश्नांना या अंकात उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : नोकरीनिमित्त डॅलसला आल्यापासून मुलांच्या नादाने मीही हा खेळ पाहू लागलो आहे. दर वर्षी इंडियानापोलिस येथे ‘कम्बाइन’ भरते. तेथे महाविद्यालयीन खेळाडूंची उंची, वजन आणि हातांची लांबी मोजतात, त्यांना पळवतात, उड्या मारायला लावतात, आणि त्यावरून एप्रिलमधील ड्राफ्टमध्ये कोणी वर चढतो, तर कोणी खाली घसरतो. ज्या मुलाने तीन-चार वर्षे मैदानावर खेळून दाखवले आहे, त्याला पुन्हा घड्याळ लावून पळवण्याची गरज काय? संघाने मापांना किती आणि कामगिरीला किती महत्त्व द्यावे?
— एक वाचक, डॅलस

उत्तर : संघाने निवडीची सुरुवात कामगिरीपासून करावी आणि त्या कामगिरीविषयी जी नेमकी शंका उरते ती फेडण्यासाठी मापांकडे जावे, असे माझे स्पष्ट मत आहे. याच्या उलट दिशेने गेले, म्हणजे आधी मापांवर भाळून मागाहून कामगिरीत त्यांचे समर्थन शोधले, की पहिल्या फेरीतल्या मोलाच्या निवडी वाया जातात. तरीही मापे मुळीच नकोत असे मी म्हणणार नाही, आणि त्याचे कारण महाविद्यालयीन फुटबॉलच्या रचनेतच आहे.

तेथे वरच्या विभागात सव्वाशेहून अधिक संघ खेळतात, त्याखालच्या विभागात आणखी शंभराहून अधिक, आणि व्यावसायिक लीग मात्र अवघ्या ३२ संघांची. ड्राफ्टच्या सातही फेऱ्यांत मिळून अडीचशेच्या आसपास खेळाडू घेतले जातात. त्यामुळे महाविद्यालयात एखाद्याने शनिवारमागून शनिवार ज्याला धूळ चारली, तो समोरचा गडी व्यावसायिक मैदानावर बहुधा कधी दिसणारच नसतो. आकडा खरा असतो, पण तो कोणाविरुद्ध मिळवला हे आकड्यात दिसत नाही. कम्बाइनमध्ये सगळे एकाच मैदानावर आणि एकाच घड्याळावर पळतात, एवढा तरी समानतेचा आधार तेथे मिळतो. शिवाय ज्या वैद्यकीय तपासणीसाठी हा मेळावा मुळात भरू लागला, ती टीव्हीवर दिसत नसली तरी संघांना आजही मोलाची वाटते.

या दृष्टीने २०१७ चा ड्राफ्ट फार बोलका आहे. वॉशिंग्टन विद्यापीठाचा वाइड रिसीव्हर, म्हणजे पुढे पळून फेकलेला चेंडू झेलणारा खेळाडू, जॉन रॉस कम्बाइनमध्ये ४० यार्ड, म्हणजे सुमारे साडेछत्तीस मीटर, ४.२२ सेकंदांत धावला. तो त्या वेळचा विक्रम होता, आणि सिनसिनाटी बेंगल्सने त्याला नवव्या क्रमांकावर घेतले. त्याच मेळाव्यात ईस्टर्न वॉशिंग्टनच्या कूपर कपला ४.६२ सेकंद लागले आणि त्याचे नाव पुकारले जायला तिसऱ्या फेरीतला ६९ वा क्रमांक उजाडला. कपच्या नावावर महाविद्यालयात ४२८ झेल, ६,४६४ यार्ड आणि ७३ टचडाउन (चेंडू विरोधी संघाच्या टोकाच्या पट्ट्यात नेऊन मिळवलेले गुण) होते, पण ते खालच्या विभागातले असल्याने त्यांवर पुरता विश्वास बसेना. ही शंका रास्तच होती. तिचे उत्तर मात्र कपच्याच सामन्यांत मिळत होते. २०१५ मध्ये वरच्या विभागातील ओरेगनविरुद्ध, आणि तेही त्यांच्याच मैदानावर, त्याने एका सामन्यात १५ झेल घेऊन २४६ यार्ड आणि ३ टचडाउन मिळवले होते.

मापांकडे जायचेच, तर शंकेला जुळणारे माप पाहायला हवे होते. बचावपटूला सरळ रेषेत मागे टाकणे हे कपचे बलस्थान कधीच नव्हते. तो थांबून, वळून, दिशा बदलून मोकळी जागा काढत असे. ही चपळाई मोजण्यासाठी कम्बाइनमध्ये पाच-पाच यार्डांवर काटकोनात मांडलेल्या तीन शंकूंना वळसे घालत पळावे लागते, आणि ती धाव कपने ६.७५ सेकंदांत पूर्ण केली होती, जी वेळ कोणत्याही रिसीव्हरला अभिमानाने सांगता येईल. म्हणजे नीट पाहिले असते तर मापेही त्याच्याच बाजूने साक्ष देत होती. पुढे २०२१ च्या हंगामात झेल (१४५), यार्ड (१,९४७) आणि टचडाउन (१६) या तिन्हींत तो लीगमध्ये पहिला आला, आणि त्या हंगामाच्या सुपर बोलचा, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्याचा, सर्वोत्तम खेळाडूही तोच ठरला.

रॉसवर अन्याय होऊ नये म्हणून हेही सांगितले पाहिजे, की २०१६ मध्ये त्याने १७ टचडाउन झेलले होते आणि त्याचा वेग अस्सल होता. पण २०१५ च्या संपूर्ण हंगामाला त्याला गुडघ्याच्या दुखापतीमुळे मुकावे लागले होते, त्यामुळे त्याच्या नावावर भरघोस असा एकच हंगाम होता. व्यावसायिक मैदानावरही दुखापतींनी त्याचा पिच्छा सोडला नाही. घड्याळातल्या त्या चार सेकंदांमुळे हे सगळे झाकले गेले, आणि बेंगल्सनी फार वरची किंमत मोजली.

आता दुसरी बाजू. जॉश ॲलन हा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून संघाची चाल चालवणारा खेळाडू. त्याने वायोमिंग विद्यापीठात फेकलेल्या चेंडूंपैकी जेमतेम ५६ टक्के योग्य हातांत पोहोचले होते. बफेलो बिल्सने त्याची ६ फूट ५ इंच उंची आणि हातातली जबरदस्त ताकद पाहून २०१८ मध्ये त्याला सातव्या क्रमांकावर घेतले, आणि २०२४ च्या हंगामात तो लीगचा सर्वाधिक मौल्यवान खेळाडू ठरला. कामगिरीला पहिला मान देणाऱ्या माझ्यासारख्याने हे उदाहरण टाळून चालणार नाही. पण त्यातला काळ पाहा. पहिल्या व्यावसायिक हंगामात त्याचे प्रमाण ५३ टक्क्यांच्याही खाली होते, आणि ६९ टक्क्यांवर ते तिसऱ्या हंगामात गेले. मधल्या दोन वर्षांत संघाने त्याला सांभाळले, शिकवले आणि त्याच्याभोवती चांगले खेळाडू उभे केले. ज्या संघाकडे एवढा धीर नाही, त्याने केवळ शरीरयष्टी पाहून क्वार्टरबॅक घेऊ नये, असे मला ठामपणे वाटते.

क्वार्टरबॅकवर धावून जाणाऱ्या, म्हणजे ‘पास रश’ करणाऱ्या खेळाडूंच्या बाबतीत मात्र मी मापांना अधिक मान देतो. समोर त्यांना अडवायला दीडशे किलोच्या आसपासचा टॅकल उभा असतो आणि त्याला चुकवायला दोन-तीन सेकंदच मिळतात. पहिल्या पावलाचा झपाटा आणि हातांची लांबी शिकवून येत नाही. डॅनिएल हंटरला लुइझियाना स्टेट विद्यापीठातील (एलएसयू) शेवटच्या हंगामात दीडच सॅक मिळाले होते, म्हणजे क्वार्टरबॅकला चेंडूसह पाडण्यात तो जवळजवळ अपयशी ठरला होता. तरीही त्याची उंची आणि ४.५७ सेकंदांची धाव पाहून मिनेसोटा वायकिंग्जने २०१५ मध्ये तिसऱ्या फेरीत त्याला घेतले, आणि २०१८ व २०१९ या दोन्ही हंगामांत त्याने प्रत्येकी साडेचौदा सॅक मिळवले. या निवडीत मला सर्वांत आवडते ती तिची फेरी. शरीर उत्तम, कामगिरी अपुरी, अशा मुलावर पैज लावण्याची खरी जागा तिसरी फेरी हीच आहे.

हीच पैज पहिल्या फेरीत लावली की काय होते, त्यासाठी माइक मामुलाचे नाव आजही घेतले जाते. बोस्टन कॉलेजच्या या खेळाडूने १९९५ मध्ये कम्बाइनच्या चाचण्यांचीच खास तालीम करून सर्वांना थक्क केले. फिलाडेल्फिया ईगल्सने दुसऱ्या फेरीतल्या दोन निवडी देऊन बाराव्या क्रमांकावरून सातव्यावर उडी घेतली आणि त्याला निवडले. त्या सोडून दिलेल्या बाराव्या क्रमांकावर टँपा बेने वॉरन सॅपला घेतले, ज्याला २०१३ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे खेळातल्या थोरांच्या मानाच्या यादीत, स्थान मिळाले. मामुला अगदीच टाकाऊ निघाला असे नाही, त्यानेही साडेएकतीस सॅक मिळवले, पण सातव्या क्रमांकाची ती किंमत नव्हे. उलट २००२ मध्ये ॲरिझोना स्टेटसाठी एकाच हंगामात २४ सॅकचा विक्रम करणारा टेरेल सग्ज चाचणीत मंद धावला म्हणून दहाव्या क्रमांकापर्यंत खाली आला. बाल्टिमोर रेव्हन्सने त्याला घेतले आणि निवृत्त होताना त्याच्या नावावर १३९ सॅक होते. चोवीस वेळा जो क्वार्टरबॅकपर्यंत पोहोचला, त्याला पोहोचता येते की नाही हे घड्याळाला विचारण्याचे कारणच नव्हते.

प्रश्न : मी पुण्यात सांख्यिकीचा विद्यार्थी आहे. उपलब्ध आकडे घेऊन पाहिले, तर ४० यार्डांची वेळ आणि पुढील व्यावसायिक यश यांतला सहसंबंध फारच क्षीण दिसतो. मग वेगाला अर्थच नाही, असा निष्कर्ष काढावा का? आणि महाविद्यालयीन आकडे कोणत्या स्वरूपात वापरावेत?
— एक विद्यार्थी, पुणे

उत्तर : हा निष्कर्ष काढू नका. आपल्या आकड्यांत जे खेळाडू आहेत ते आधीच चाळणीतून आलेले आहेत. मंद आणि सामान्य कामगिरीचा खेळाडू ड्राफ्टपर्यंत पोहोचतच नाही, त्यामुळे यादीतला प्रत्येक मंद खेळाडू दुसऱ्या कशात तरी असामान्य असतो. ॲनक्वान बोल्डिनचे उदाहरण घ्या. तो ४.७ सेकंदांहूनही सावकाश धावला, २००३ मध्ये दुसऱ्या फेरीत निवडला गेला, पहिल्याच सामन्यात त्याने २१७ यार्ड काढले आणि त्या हंगामात १०१ झेल घेतले. वेगाची उणीव भरून काढणारे असे गुण असल्याशिवाय तो त्या यादीत आलाच नसता. चाळणीनंतरच्या गटात सहसंबंध क्षीण दिसणे अपेक्षितच आहे, आणि त्यावरून चाळणी निरर्थक ठरत नाही. मापे उंबरठा ठरवतात. उंबरठा ओलांडल्यावर सेकंदाच्या दहाव्या भागासाठी क्रमवारी उलटीपालटी करणे मात्र चूक आहे.

वेगाचा विचार वजनासह करावा. चेंडू घेऊन धावणाऱ्यांसाठी, म्हणजे रनिंग बॅकसाठी, क्रीडालेखक बिल बार्नवेल यांनी सुचवलेले ‘स्पीड स्कोअर’ हे सूत्र सोपे आहे. पौंडांतील वजनाला २०० ने गुणून त्याला ४० यार्डांच्या वेळेच्या चौथ्या घाताने भागतात. शंभर किलोचा आणि ऐंशी किलोचा खेळाडू एकाच वेळेत धावले, तर पहिल्याचे मोल अधिक, हे त्यातून दिसते.

महाविद्यालयीन आकड्यांत कच्ची बेरीज सर्वांत फसवी असते. टेक्सास टेक विद्यापीठात प्रशिक्षक माइक लीच यांच्या पद्धतीत चेंडू इतका फेकला जाई, की ग्रॅहम हॅरेलने १५ हजारांहून अधिक यार्ड जमवले आणि २००९ च्या ड्राफ्टमध्ये त्याला कोणीच निवडले नाही. त्याच महाविद्यालयात, लीच यांचेच शिष्य क्लिफ किंग्जबरी यांच्या हाताखाली पॅट्रिक महोम्सने २०१६ मध्ये ५,०५२ यार्ड फेकले, आणि बहुतेकांना तेही पद्धतीचेच फळ वाटले. कॅन्सस सिटी चीफ्सने मात्र २०१७ मध्ये २७ व्या क्रमांकावरून दहाव्यावर येऊन त्याला घेतले. बेरजेतून हॅरेल आणि महोम्स यांतला फरक कळत नाही. तो कळण्यासाठी भोवतालचे संरक्षण मोडल्यावर, तोल गेल्यावर, ठरलेली चाल फसल्यावर चेंडू कसा जातो, हे चित्रफितीत एकेक चाल पाहूनच ठरवावे लागते.

म्हणून रिसीव्हरसाठी एकूण यार्डांऐवजी संघाच्या एकूण यार्डांतला आणि टचडाउनमधला त्याचा वाटा घ्या. पद्धतीचा फुगवटा त्यात बराचसा गळून जातो. दुसरा घटक वयाचा, आणि माझ्या मते तो सर्वांत दुर्लक्षित आहे. एकोणिसाव्या वर्षी जो संघाचा मुख्य रिसीव्हर झाला, त्याचा आकडा आणि तेविसाव्या वर्षी, आपल्याहून तीन-चार वर्षांनी लहान मुलांविरुद्ध मिळवलेला तोच आकडा, यांची किंमत सारखी धरू नये. २०२० च्या हंगामासाठी महासाथीमुळे खेळाडूंना एक वर्ष वाढवून मिळाल्यापासून अशा वयस्क आकड्यांची संख्या वाढली आहे. तेव्हा आपल्या प्रतिमानात हंगामाबरोबर त्या हंगामातले वय हा स्तंभ अवश्य ठेवा.

प्रश्न : क्वार्टरबॅकच्या हाताच्या मापावर दर वर्षी एवढी चर्चा का होते?
— एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंतचे अंतर, म्हणजे आपली वीत, मोजतात. लहान हातातून थंडीपावसात चेंडू निसटेल, ही त्यामागची भीती. जो बरोची वीत ९ इंच भरली तेव्हाही काळजी व्यक्त झाली होती, पण त्याने २०१९ मध्ये एलएसयूसाठी ६० टचडाउन पास फेकून सर्व १५ सामने जिंकून दिले होते, आणि २०२० मध्ये तो पहिल्याच क्रमांकावर निवडला गेला, ते योग्यच झाले.

२०२२ मध्ये केनी पिकेटची वीत साडेआठ इंच निघाली तेव्हा तर गदारोळच झाला. पण पिकेट पिट्सबर्ग विद्यापीठाचा (पिट). ते विद्यापीठ आपले सामने ज्या मैदानावर खेळते तेच पिट्सबर्ग स्टीलर्सचेही मैदान आहे, तेव्हा त्या गावच्या थंडीत त्याच्या हातात चेंडू टिकतो की नाही, हे पाच वर्षे सर्वांसमोर होते. स्टीलर्सनी त्याला विसाव्या क्रमांकावर घेतले आणि दोन हंगामांत त्याने एकूण १३ टचडाउन पास दिल्यावर दुसऱ्या संघाकडे सोपवले. त्याच्या बाबतीत विचारायला हवा होता तो प्रश्न कामगिरीचाच होता. २०२१ मध्ये, महाविद्यालयातल्या पाचव्या वर्षी, त्याने ४२ टचडाउन पास फेकले होते, आणि त्याआधीच्या कोणत्याही हंगामात हा आकडा १३ च्या पुढे गेला नव्हता.