डॅलस, केरी की आहे तिथेच?

एडिसनहून एका ताईंचं चार पानी पत्र आलं आहे. त्यांच्या संमतीने गाभा सांगते. नऊ वर्षं न्यू जर्सीत. मिस्टर एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर, ग्रीन कार्डसाठी कंपनीने केलेला अर्ज, आय-१४०, मंजूर, रांगेतली तारीख म्हणजे प्रायॉरिटी डेट २०१८ची. ताई स्वतः एच-४ या कुटुंबीयांच्या व्हिसावर, ईएडी म्हणजे कामाचा परवाना घेऊन एका छोट्या कंपनीत, तिथे रोज ऑफिसला जावंच लागतं. मुलगी पुण्यात जन्मलेली, आता नववी संपतेय. मुलगा इथलाच, तिसरीत. दोघांचं मिळून उत्पन्न वर्षाला दोन लाख डॉलर. घर आहे, त्यावर तीन टक्क्यांचं चार लाखांचं कर्ज बाकी आहे. सासू-सासरे दर उन्हाळ्यात येतात. मिस्टरांच्या कंपनीने विचारलं आहे, टेक्सासमधल्या डॅलसजवळच्या ऑफिसला जाता का नॉर्थ कॅरोलिनातल्या केरीच्या? ताई लिहितात, "सगळे म्हणतात टेक्सासला टॅक्स नाही, डोळे झाकून जा. काय करू?" आणि सगळ्यात शेवटी, ता. क. म्हणून, "मुलगी म्हणते, मी येणार नाही."

ताई, पत्र दोनदा वाचलं. टॅक्सवर तुम्ही दीड पान लिहिलंत आणि मुलीवर एक ओळ. मला ती ओळ जास्त महत्त्वाची वाटते, तिच्याकडे येतेच. पण आधी व्हिसा, कारण तिथे घोडं अडलं तर पुढची सगळी चर्चा फुकट.

रिअल्टरच्या आधी फोन करायचा तो इमिग्रेशनच्या वकिलाला. एच-१बी कामाच्या जागेला बांधलेला असतो. रोज जाऊन-येऊन करता येईल अशा टापूच्या बाहेर काम गेलं, की कंपनीला आधी अमेंडमेंट, म्हणजे जागा बदलल्याचा दुरुस्ती अर्ज, दाखल करावी लागते. घरून काम करणार असलात तरी हेच. ती दाखल झाल्याची पावती हातात पडल्याशिवाय सामानाचा ट्रक बोलावू नका. दुसरं पर्मचं, म्हणजे ग्रीन कार्डच्या पहिल्या टप्प्यातल्या श्रम खात्याच्या मंजुरीचं. तुमचं पर्म न्यू जर्सीतल्या नोकरीसाठी झालंय. नोकरीची जागाच कायमची बदलली, तर आय-४८५, म्हणजे ग्रीन कार्डचा शेवटचा अर्ज, दाखल झालेला नसताना बहुधा पर्म आणि आय-१४० दोन्ही नव्याने करावे लागतात. मंजूर आय-१४०मुळे २०१८ची तारीख टिकते, हा मोठा दिलासा. पण नवं पर्म म्हणजे पुन्हा जाहिराती, पुन्हा वाट पाहणं, आणि मध्येच कंपनीत ले-ऑफ झाले तर ते तिथेच थांबतं. नवं पर्म कधी सुरू करणार, हे एचआरकडून ईमेलवर लेखी घ्या. तोंडी "होईल हो" चालणार नाही.

तुमचं ईएडी राज्याला बांधलेलं नाही, कुठेही नोकरी करता येईल. मात्र नूतनीकरणाचा अर्ज प्रलंबित असताना जी आपोआप मुदतवाढ मिळायची, ती ऑक्टोबर २०२५ अखेर बंद झाली. तेव्हा कार्ड संपायला सहा महिने उरले की अर्ज टाका. पत्ता बदलल्यावर दहा दिवसांत इमिग्रेशनला कळवायचं असतं. नवीन कार्ड जुन्या घरी जाऊन परत फिरलं आणि त्यापायी दोन महिने बिनपगारी घरी बसावं लागलं, असं माझ्या जवळच्या मैत्रिणीचं झालं आहे.

आता पैसा. टेक्सासला राज्याचा इन्कम टॅक्स नाही, हे खरंच. तुमच्या उत्पन्नावर न्यू जर्सीला वर्षाला साधारण ८ हजार डॉलर जातात. ते वाचतील. पण तुमचं आताचं कर्ज तीन टक्क्यांचं आहे. तेच ४ लाख साडेसहा टक्क्यांनी घेतले, तर तीस वर्षांच्या कर्जाचा महिन्याचा हप्ता १,६८६ वरून २,५२८ वर जातो. फरक महिन्याला ८४२, वर्षाला १० हजारांवर. म्हणजे टेक्सासने वाचवलेला कर बँकेने नेला, वर दोन हजार अधिक. हे गणित मला कोणी आधी मांडून दाखवलं नव्हतं, म्हणून इतकं खोलात सांगतेय.

आमचंच सांगते. २०१४ साली आम्ही न्यू जर्सीतून डॅलसच्या उत्तरेला आलो. दोन वर्षांनी नव्या वसाहतीत नवं घर घेतलं. पहिल्या वर्षी प्रॉपर्टी टॅक्सचं बिल इतकं कमी आलं, की मी आनंदाने आईला फोन करून सांगितलं. जानेवारीत जमिनीचं मूल्यांकन झालं तेव्हा तिथे नुसता प्लॉट होता, बिल त्या रिकाम्या जागेचं होतं! पुढच्या वर्षी पूर्ण घराचं आलं, एस्क्रोत, म्हणजे कर-विम्यासाठी बँक हप्त्यातून पैसे साठवते त्या खात्यात, तूट निघाली, आणि मागची भरपाई धरून महिन्याचा हप्ता एकदम सहाशे डॉलरने चढला. त्या वर्षी भारतात जाणं रद्द केलं. नव्या वसाहतींत पाणी-गटारं-रस्त्यांसाठी काढलेल्या कर्जाचा वेगळा कर असतो, एमयूडी किंवा पीआयडी नावाने. घर बघायला गेलात की स्वयंपाकघराचं ग्रॅनाइट बघण्याआधी विचारा, इथे एमयूडी आहे का, किती आणि कधी फिटणार.

साडेसहा लाखांचं घर धरा. जुन्या वस्तीत, राहत्या घराची (होमस्टेडची) सूट लावून, वर्षाला साडेनऊ-दहा हजार. नव्या एमयूडीच्या वस्तीत बारा-तेरा हजार. उलट केरीला काउंटी आणि शहर मिळून प्रॉपर्टी टॅक्स एक टक्क्याच्या आत बसतो, म्हणजे साडेपाच-सहा हजार. तिथे राज्याचा इन्कम टॅक्स आहे, २०२६ पासून ३.९९ टक्के. तुमच्यासाठी तो सात हजारांच्या आसपास येईल. बेरीज साडेबारा-तेरा हजार. आता सांगा, "टॅक्स नाही" आणि "टॅक्स आहे" यात नव्या वसाहतीच्या दारात उभं राहिल्यावर फरक किती उरला? त्यात डॅलसकडे गारपिटीमुळे घराचा विमा महाग, आणि गारांसाठीचं डिडक्टिबल घराच्या विम्याच्या एक-दोन टक्के असतं. पाच लाखांच्या विम्यावर दोन टक्के म्हणजे छपराचे पहिले १० हजार तुमचे.

टेक्सासची बाजूही सांगायला हवी, नाहीतर मी अन्याय करेन. नोकऱ्यांचं रान मोठं आहे. मिस्टरांची नोकरी गेली तर एच-१बीवर साठ दिवस मिळतात, आणि साठ दिवसांत दुसरी नोकरी डॅलससारख्या मोठ्या बाजारात शोधणं सोपं जातं. एच-१बीच्या घराने हे टॅक्सपेक्षा वरचं धरावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

जुनं घर भाड्याने द्यायचा विचार लिहिलात. विकताना दोघांना मिळून ५ लाखांपर्यंतचा नफा फेडरल करातून सुटतो, पण मागच्या पाच वर्षांत दोन वर्षं तिथे राहिलेलं असावं लागतं. घर सोडून तीन वर्षं उलटली की ही सवलत हातातून जाते. आणि न्यू जर्सी सोडताना "एक्झिट टॅक्स" लागतो अशी जी भीती घालतात, तो वेगळा कर नाही. परराज्यात राहणाऱ्याने घर विकलं तर त्या विक्रीवरचा आगाऊ कर कापून ठेवतात, रिटर्नमध्ये त्याचा हिशोब होतो, आणि राहतं घर असेल तर सूट मिळू शकते. क्लोजिंगच्या वकिलाला आधीच विचारून ठेवा. (ज्यांचं ऑफिस मॅनहॅटनमध्ये आहे आणि जे टेक्सासमध्ये घरी बसून तीच नोकरी करणार आहेत, त्यांच्यासाठी एक वाक्य: स्वतःच्या सोयीसाठी बाहेरून काम केलंत तर न्यू यॉर्क त्या पगारावर कर घेतंच. कंपनीने कागदोपत्री तुमचं ऑफिस बदललं तरच सुटका.)

सासू-सासऱ्यांचं तुम्ही एका ओळीत उरकलंत. माझे बाबा एडिसनला यायचे तेव्हा सकाळी नऊला चालत ओक ट्री रोडला जायचे. कोथिंबीर आणायची, बाकावर एक गुजराती काका आणि एक तेलुगू काका भेटायचे, हिंदीतून राजकारण व्हायचं, अकराला घरी. टेक्सासला पहिल्यांदा जूनमध्ये आले. पहिल्या सोमवारी साडेनऊला तयार. पायात बूट, डोक्यावर टोपी, हातात कापडी पिशवी. मी गॅरेजचं दार उघडलं. ते ड्राइव्हवेच्या टोकापर्यंत गेले, दोन्हीकडे पाहिलं, आणि पाच मिनिटांत परत आले. म्हणाले, "जायचं कुठे गं?" दुकान चार मैलांवर, रस्त्याला सावली नाही, पारा शंभर फॅरनहाइटकडे. त्या उन्हाळ्यात बाबांनी हॉलमध्ये फेऱ्या मारल्या, मोजून. पिशवी दाराच्या खुंटीला तशीच लटकत होती. पुढच्या वर्षीपासून त्यांना ऑक्टोबर ते मार्चमध्ये बोलवायला लागलो, आणि सगळं बदललं. टेक्सासचा हिवाळा बहुतेक दिवस चालण्यासारखा असतो. तेव्हा डॅलसला गेलात तर आई-बाबांचं वेळापत्रक उलटं करा. फेब्रुवारी २०२१च्या वादळात मात्र आमच्याकडे तीन दिवस वीज नव्हती, गॅसच्या शेगडीवर पाणी तापवून बाटल्या पांघरुणात घेतल्या. तेवढी तयारी घरात असू द्या. मुंबईला जाताना न्यूअर्कहून एकाच विमानात बसायची सवय असेल, तर डॅलस आणि केरीजवळच्या रॉलीहून वाटेत विमान बदलायचं आहे, हेही आजी-आजोबांच्या गुडघ्यांकडे बघून धरा.

शाळा. केरीत शाळेच्या समोर घर घेतलं म्हणून तीच शाळा मिळेल अशी खात्री नाही. वेक काउंटीची सगळी मिळून एकच मोठी शाळाव्यवस्था आहे, शाळा भरली की नव्या मुलांना दुसरीकडे पाठवतात. पत्ता पक्का करण्याआधी शाळांच्या कार्यालयात विचारा. दुसरं, तिथल्या बऱ्याच प्राथमिक शाळा वर्षभर चालतात, नऊ आठवडे शाळा, तीन आठवडे सुट्टी. धाकट्याला तशी शाळा लागली तर दोन महिन्यांची पुण्याची सुट्टी विसरा. काही घरांना हेच आवडतं, दिवाळीला तीन आठवडे जाऊन येतात. तुम्हाला कसं जमेल, ते तुम्हीच ठरवा.

टेक्सासमध्ये मुलीच्या बाबतीत काळजीने बघायची गोष्ट वर्गातला क्रमांक. यूटी ऑस्टिन या राज्याच्या मोठ्या विद्यापीठात राज्यातल्या शाळांच्या वरच्या पाच टक्के मुलांना आपोआप प्रवेश मिळतो. डॅलसच्या उत्तरेच्या शाळांत त्या पाच टक्क्यांसाठी जी रस्सीखेच चालते, ती मी घरात पाहिली आहे. न्यू जर्सीचे नववीचे गुण तिथे कसे धरणार, ऑनर्स विषयांना वजन देणार की नाही, हे काउन्सिलरकडून आधी लेखी घ्या. शिवाय ती एच-४वर आहे. राज्यात राहणाऱ्यांची फी लागू व्हायला साधारण बारा महिन्यांचं वास्तव्य लागतं, आणि व्हिसावरच्या मुलांना ते कसं लागू होतं, हे ज्या विद्यापीठांचा विचार आहे त्यांनाच विचारा. एकवीस वर्षांची झाली की एच-४ संपतो, हे तर तुमच्या डोक्यात रात्रंदिवस असणारच.

मंडळाची चिंता करू नका. २०१९ साली बृहन महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन डॅलसलाच झालं होतं, इतकी इथली वस्ती मोठी आहे. केरी-मॉरिसव्हिललाही कढीपत्त्यासाठी वणवण होणार नाही.

माझं मत विचारलंत, तर: जायचं असेल तर दहावी सुरू व्हायच्या आत, म्हणजे येत्या उन्हाळ्यातच, आणि वकिलाने हिरवा कंदील दिला तरच. पहिलं वर्ष भाड्याने राहा, तुमचं घर भाड्याने द्या, तीन टक्क्यांचं कर्ज मोडू नका. अमेंडमेंट आणि पर्मचं लेखी उत्तर मेअखेर आलं नाही, तर मुलीची बारावी होईपर्यंत एडिसन. दोन्हींत मला डॅलस बरं वाटतं, नोकरीच्या कारणाने. पण ताई, तुमची स्वतःची नोकरी सुटणार आहे, आणि चार पानांत तुम्ही त्याबद्दल एक अक्षर लिहिलं नाहीत. तुमच्या कामाच्या डॅलसमध्ये किती जागा निघतात, ते या आठवड्यात बसून बघा.

आणि मुलगी. "मी येणार नाही" म्हणाली, त्यावर तुम्ही काय म्हणालात ते पत्रात नाही. तिला विचारा, नक्की काय सोडायचं नाही? माझ्या मुलाने सहावीत असताना असंच म्हटलं होतं, आणि खूप दिवसांनी कळलं की त्याला भीती होती ती फक्त ट्रम्पेटची. नव्या शाळेत बँड भरला असेल, आपल्याला घेणार नाहीत. मी त्या बँडच्या सरांना एक ईमेल केलं, दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. मुलीला घेऊन मेच्या पहिल्या पंधरवड्यात चार दिवस डॅलसला जा. मॉल दाखवू नका. तिची होऊ घातलेली शाळा सुटायच्या वेळी गेटसमोर गाडी लावून बसा, आणि ती काय बघते ते बघा.