टूथपेस्टने दातांवरचा प्लाक निघतो का?

तुम्ही विचारलंय की दिवसातून दोनदा चांगली पेस्ट लावूनही दातांवर चिकट थर का येतो, आणि ‘टार्टर कंट्रोल’ लिहिलेली पेस्ट घेतली तर तो जाईल का. मी दंतवैद्य आहे. माझं उत्तर असं की प्लाक काढतो तो ब्रश, त्यात पेस्टचा वाटा फारच थोडा.

प्लाक म्हणजे अडकलेलं अन्न नव्हे, तो जिवाणूंचा थर असतो. घासलेल्या दातावर काही मिनिटांतच लाळेतल्या प्रथिनांचं पातळ आवरण चढतं. त्यावर जिवाणू बसतात आणि साखरेपासून स्वतःभोवती चिकट जाळं विणतात. ते नुसत्या फेसाने सुटत नाही. पेस्ट लावून आणि पेस्टशिवाय घासण्याची तुलना करणारे अभ्यास 2016 मध्ये एकत्र तपासले गेले. एकदा घासल्यावर दोन्हीकडे साधारण निम्माच प्लाक निघाला होता!

उरलेला निम्मा कुठे राहतो, हे पेशंटला प्लाक रंगवणारी गोळी चघळायला दिली की लगेच दिसतं. आरशात हसताना दिसणारे दात स्वच्छ, पण खालच्या पुढच्या दातांची आतली बाजू, हिरडीलगतची कड आणि शेवटच्या दाढेची मागची बाजू गडद गुलाबी. पेस्टच्या थंडाव्याने तोंड ताजंतवानं वाटतं आणि हात लवकर थांबतो, हे मला फार खटकतं. किमान दोन मिनिटं घासा. मऊ ब्रश हिरडीच्या कडेकडे तिरपा धरा आणि जोर न लावता जागच्या जागी हलवा. दोन दातांच्या फटीत ब्रश पोचत नाही, तिथे फ्लॉस (दातांच्या फटीत फिरवायचा दोरा) किंवा बारीक इंटरडेंटल ब्रशच लागतो.

पण म्हणून पेस्ट सोडू नका. तिचं खरं काम फ्लोराइडचं आहे. प्लाकमधल्या आम्लाने इनॅमलमधली (दाताच्या वरच्या कठीण थरातली) खनिजं निघून जातात, ती परत बसायला फ्लोराइड मदत करतं. मोठ्यांच्या पेस्टमध्ये ते 1000 ते 1500 पीपीएम (दर दहा लाख भागांत इतके भाग) असावं. घासून झाल्यावर फेस थुंका, पण लगेच पाण्याने खळखळून चूळ भरू नका, नाहीतर फ्लोराइड धुऊन जातं.

‘टार्टर कंट्रोल’ पेस्टमधली पायरोफॉस्फेट किंवा झिंकची संयुगं नवा प्लाक कडक होण्याचा वेग कमी करतात. आधीच जमलेलं किटण (टार्टर, म्हणजे कडक झालेला प्लाक) मात्र कुठल्याही पेस्टने निघत नाही, त्याला स्केलिंगच, म्हणजे दंतवैद्याकडून उपकरणाने साफ करून घेणंच, लागतं. हिरड्या सुजत असतील तर स्टॅनस फ्लोराइडची पेस्ट घ्यायला मी सांगतो, तिचा जिवाणूंवरही परिणाम होतो.

आणि घासताना रक्त येतं म्हणून ती जागा टाळू नका. 1965 मध्ये दंतसंशोधक हॅराल्ड लो यांनी डेन्मार्कमध्ये निरोगी हिरड्यांच्या तरुणांना दात घासणं बंद करायला लावलं होतं. तीन आठवड्यांच्या आत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या आणि पुन्हा घासायला लागल्यावर आठवड्याभरात पूर्ववत झाल्या. तुम्ही नीट घासूनही दोन आठवड्यांत रक्त थांबलं नाही, तर दंतवैद्याला दाखवा.