जोना लोमू कोण होता, आणि त्याचं एवढं नाव का?

न्यूझीलंडचा रग्बीपटू. 1994 मध्ये, 19व्या वर्षीच राष्ट्रीय संघात आला. पण बघायची तर 1995च्या विश्वचषकातली इंग्लंडविरुद्धची सेमीफायनल बघा. सव्वासहा फुटांच्या वर उंची, वजन शंभर किलोच्या पुढे, आणि पळणं बारक्या पोराचं. इंग्लंडचा माइक कॅट आडवा आला, तर वळसाबिळसा काही नाही, सरळ त्याच्या अंगावरून! त्या सामन्यात 4 ट्राय (म्हणजे समोरच्या संघाच्या गोलरेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवून गुण मिळवणं). आम्हा जळगावकरांच्या भाषेत सांगायचं तर त्याला रोखणं म्हणजे रावेरहून केळी भरून निघालेला ट्रक हातांनी अडवण्यासारखं.

63 कसोटी, म्हणजे आंतरराष्ट्रीय सामने, आणि त्यात 37 ट्राय. हे सगळं मूत्रपिंडाच्या आजाराशी झगडत, बरं का. 2004 मध्ये प्रत्यारोपण झालं, 2015 मध्ये चाळिशीतच गेला. विश्वचषक मात्र एकदाही हाती लागला नाही.