सुरुवातीच्या व्यंगचित्रांकडे आता मागे वळून पाहताना काय वाटतं? खरंच हसू येत होतं का त्यावर?

येत होतं की, मला एकट्याला.

मी हौशी माणूस, पोट नोकरीवर चालतं. व्यंगचित्रकार वसंत सरवटे 1927 साली याच कोल्हापुरात जन्मले, पेशानं इंजिनिअर होते, दुसरे मोठे व्यंगचित्रकार शि. द. फडणीस, त्यांचं शालेय शिक्षण इथलंच. म्हणजे पंचगंगेच्या पाण्यातच व्यंगचित्र आहे, असा माझा कॉलेजात असताना ठाम समज. पाणी तर मीही तेच पीत होतो!

पहिलं जाहीर चित्र मंगळवार पेठेत आमच्या मंडळाच्या फळ्यावर काढलं, खडूनं. पाणीटंचाईवर. कोरडा नळ, खाली घागर घेऊन बाई. नळावर लिहिलं 'प्रशासन', घागरीवर 'जनता', लोंबणाऱ्या एका थेंबावर 'आश्वासन'. खाली दोन ओळींची कोटी आणि तीन उद्गारचिन्हं. दूध घालायला आलेले एक मामा सायकल टेकवून सगळं वाचून काढत थांबले. म्हणाले, "सगळं लिवलंयसच की. मग चित्र कशाला काढलंस?"

तेव्हा राग आला. फडणिसांची बिनशब्दांची चित्रं मी शेकड्यानं पाहिली होती, पण त्यात शब्द का नाहीत हा प्रश्न कधी पडला नव्हता.

दुसरी खोड म्हणजे जाड माणूस काढला की विनोद झाला. नवरा-बायको आणि लाटणं तर होतंच, त्याबद्दल न बोललेलं बरं. एकदा मिसळीची सहावी प्लेट चापणारा ढेरपोट्या पैलवान काढला आणि नेमका तालमीतल्या एका वस्तादांनी बघितला. मला वाटलं, आता मार बसतोय. त्यांनी कागद लांब धरला, जवळ धरला. "प्वाट असू दे रं. कान बघ. हे कारकुनाचं कान हाईत."

खरंच होतं. कुस्ती करून करून पैलवानांचे कान चुरगळून गाठीसारखे होतात. शाहू महाराजांनी बांधलेल्या खासबाग कुस्ती मैदानापासून पाच मिनिटांवर राहून मी एक कान धड बघितला नव्हता. पुढचे काही महिने नुसते कानच काढले.

त्या काळातल्या दोन वह्या उरल्यात. त्यातल्या एकाच चित्रावर अजून हसतो. गंगावेशीत कट्ट्यावर धार काढणं चाललंय, ग्लास घेऊन माणसं ताटकळलीत आणि म्हैस मान वळवून त्यांच्याकडे बघतेय. खालची ओळ कसरीनं खाल्लीय. काय लिहिलं होतं, काही केल्या आठवत नाही.