चाक उसनं, पाणी तिथलंच

प्रश्न : मुलाकडे मँचेस्टरला गेले होते. जवळच्या स्टायल गावातली ‘क्वॉरी बँक’ ही पाण्यावर चालणारी जुनी कापडगिरणी त्याने दाखवली. केवढं ते लोखंडी चाक! पण नंतर कळलं, की ते मूळचं नाहीच, दुसरीकडून आणून बसवलंय. मन खट्टू झालं. मग मी पाहिलं ते खरं किती? आणि आपल्या संभाजीनगरच्या पाणचक्कीत पाण्यावर दळण निघत होतं, तर सूत का नाही निघालं?
— एक निवृत्त शिक्षिका, सेलू

उत्तर : ताई, तुमचा रुसवा कळला. मी एकतीस वर्षं नांदेडला गिरणीच्या त्रासन खात्यात, म्हणजे सूत काढायच्या खात्यात, काढली. पुतण्याच्या कृपेने मीही ती गिरणी पाहून आलोय. चाक उसनं आहे हे खरं, पण त्या उसनवारीची गोष्ट ऐका.

सॅम्युएल ग्रेगने 1784 साली बॉलिन नदीकाठी ही गिरणी उभारली. सूत काढायचं यंत्र आर्कराइट या इंग्रज संशोधकाचं, 1769 च्या पेटंटचं. पाण्यावर चालायचं म्हणून नावच वॉटर फ्रेम. त्याचंच पुढचं रूप थ्रॉसल, आणि थ्रॉसलचं आपल्या कामगारांच्या तोंडी झालं त्रासन. म्हणजे मी तिथं खात्याच्या आजोळीच गेलो होतो म्हणा ना!

तिथलं मोठं चाक 1820 च्या सुमारास थॉमस ह्यूज या इंजिनिअरने बसवलं. व्यास 32 फूट, आपल्याकडचं तीन मजली घर. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याच्या जागी टर्बाइन आले आणि चाक गेलं. 1939 साली ग्रेग घराण्याने गिरणी जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेला देऊन टाकली, 1959 ला धंदा म्हणून चालणारं उत्पादन थांबलं, मग संग्रहालय झालं. चाकाविना पाण्याची गिरणी दाखवणार कशी? म्हणून यॉर्कशरमधल्या ग्लासहाउसेस गिरणीचं जुनं चाक आणलं. ते विल्यम फेअरबर्नचं, आणि फेअरबर्नने उमेदीत याच ह्यूजच्या हाताखाली काम केलेलं. गुरूच्या जागी चेल्याचं चाक बसलं. मला तरी यात फसवणूक दिसत नाही.

पुन्हा गेलात तर चाकाचे आरे बघा. एवढ्या धुडाच्या मानाने काडीसारखे बारीक. कारण ताकद मधल्या आसावरून घेतच नाहीत, काठावरच्या दात्यांवरून घेतात. आसाने फक्त वजन पेलायचं.

आता पाणचक्की. तिथं डोंगरातलं पाणी मातीच्या नळांतून येतं, उंचावरून पडतं आणि खालचं आडवं चाक फिरवतं. त्याच दांड्यावर वरती दळायचं जातं बसवलेलं. एक चाक, एक जातं, मध्ये दाते नाहीत की पट्टे नाहीत. बाबा शाह मुसाफिरांच्या दर्ग्यात येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पिठाची सोय झाली, काम भागलं. सुताचं तसं नसतं. पाणी कमी पडून जातं मंदावलं, तर पीठ उशिरा पडेल, एवढंच. त्रासनला चाल जरा हिसकली की ओळीने धागे तुटतात, आणि सांधता सांधता बोटांची सालं निघतात. तिथं सूत पिळणाऱ्या शेकडो चात्या एका चालीत फिरायला हव्यात, तेही बारा महिने. बॉलिन दिसायला आपल्या ओढ्याएवढी, पण बारमाही. तरीही पाणी कमी पडायचं म्हणून ग्रेगला 1810 साली वाफेचं इंजिन आणावं लागलं! आपल्या दुधना नदीवर चाक बसवलं असतं, तर पावसाळ्यात वाहून गेलं असतं आणि चैत्रात त्यावर शेळ्या चढल्या असत्या. शिवाय आपल्याकडे गिरण्या निघाल्या तोवर वाफ आलीच होती. पाण्याची पायरी गाळूनच आपण वर चढलो.

तुम्ही शाळेत शिकवलंय म्हणून एक विचारतो. तिथलं अप्रेंटिस हाउस पाहिलंत का? बरेच जण चाक बघून माघारी फिरतात. 1790 साली बांधलेल्या त्या घरात नव्वदएक पोरं राहायची, बरीचशी अनाथालयांतून, गरीबखान्यांतून आणलेली. दिवसाचे बारा तास गिरणीत. 1806 साली थॉमस प्रीस्टली आणि जोसेफ सेफ्टन ही दोन पोरं तिथून पळून थेट लंडनला गेली. थॉमसचं एक बोट यंत्रात गेलं होतं, आणि त्याला आईला भेटायचं होतं. आमच्या खात्यात चालू यंत्रावर दोन बोटांच्या चिमटीत धागा सांधायची कला पोरवयात जितकी सहज येते तितकी पुढे येत नाही, असं जुने जॉबर, म्हणजे खात्याचे मुकादम, सांगायचे. त्या घराच्या जिन्यात उभं राहून मला तेच आठवलं, आणि मी नकळत हात खिशात घातले.