मणक्याच्या ऑपरेशननंतर पायाला मुंग्या, आग आणि निसटणारी चप्पल

तुमच्या प्रश्नाचा सारांश असा: वडील ६१ वर्षांचे. ठाण्यातच कंबरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधली (एल४-एल५) सरकलेली गादी काढली, त्याला तीन आठवडे झाले. कंबरेतून पायात जाणारी कळ थांबली. पण उजव्या नडगीची बाहेरची बाजू आणि अंगठा बधिर आहे, रात्री पायाची आग होते, आणि चालताना चप्पल निसटते. सर्जन म्हणाले, वेळ लागेल. आणि तुम्ही विचारताय, ऑपरेशन फसलं का?

मी फिजिओथेरपिस्ट आहे. वर्तकनगरपासून कासारवडवलीपर्यंत घरी जाऊन पेशंट बघते, त्यात मणक्याच्या ऑपरेशनचे बरेच असतात. तुम्ही लिहिलेल्या तक्रारी एका वजनाच्या नाहीत. मुंग्या, बधिरपणा आणि आग फार छळतात, पण त्यांच्यासाठी बहुतेक वेळा थांबता येतं. पायातली ताकद कमी होत असेल तर थांबायचं नसतं. म्हणून या दोन गोष्टी आजच वेगळ्या करा.

चप्पल दोन कारणांनी निसटते. एक, पायाला ती जाणवतच नाही. दुसरं, पंजा वर उचलला जात नाही, ज्याला फूट ड्रॉप म्हणतात. हे घरी बघता येतं. वडिलांना खुर्चीवर बसवा, दोन्ही टाचा जमिनीवर टेकलेल्या हव्यात. आता पंजे वर उचलायला सांगा. मग तुमचं बोट त्यांच्या पायाच्या अंगठ्यावर ठेवून हलकेच खाली दाबा आणि त्यांना अंगठा वर रेटायला सांगा. आधी डावा, मग उजवा. एल५ची नस नेमकी हेच काम करते: पंजा आणि अंगठा वर उचलणं. नडगीची बाहेरची बाजू, पायाचा वरचा भाग, अंगठा, इथली जाणीवही तिचीच. त्यामुळे बधिरपणाची जागा तरी ऑपरेशन झालेल्या मणक्याशी जुळते. करंगळीची बाजू बधिर आणि चवड्यावर उभं राहता येत नाही, असं असतं तर तिच्या खालची एस१ची नस मनात आली असती.

आता डिस्चार्ज कार्ड काढा. त्यात 'पॉवर' असं लिहून पुढे ५/५, ४/५ असे आकडे असतात. अंगठ्याच्या ताकदीपुढे बहुतेकदा 'ईएचएल' लिहिलेलं असतं. ५ म्हणजे पूर्ण ताकद, ३ म्हणजे पाय स्वतःच्या वजनाविरुद्ध उचलता येतो पण जरा दाबलं की पडतो, ० म्हणजे स्नायू हलतच नाही. ऑपरेशनच्या आधीचा आकडा आणि डिस्चार्जच्या दिवशीचा आकडा शेजारी शेजारी ठेवून बघा. ऑपरेशन फसलं का, याचा पहिला पुरावा तिथे आहे. आधीच ३ होता आणि आता ३ किंवा ४ आहे, तर नस बरेच दिवस दबून कमजोर झाली होती आणि ऑपरेशनने तिला जागा करून दिली, असं धरता येतं. डिस्चार्जला ५ होता आणि घरी आल्यावर पंजा पडायला लागला, तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता आजच सर्जनला फोन करा. आत रक्त साठणं, गादीचा तुकडा पुन्हा सरकणं अशी कारणं लगेच तपासावी लागतात.

ताकद टिकून असेल तर बाकीचं ऐका. ऑपरेशनमध्ये नस हलकेच बाजूला धरून गादीचा तुकडा काढतात. आधीच सुजलेली नस त्यानंतर काही दिवस ते काही आठवडे आणखी चिडलेली राहू शकते. शिवाय दबलेली नस मोकळी झाली की जाणीव परत येताना आधी मुंग्या, करंट, आग असंच काहीतरी जाणवतं. मांडी घालून बसल्यावर झोपलेला पाय जागा होताना मुंग्या येतात ना, तसंच, फक्त फार सावकाश. नसेचे तंतू तुटले असतील तर ते दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढतात, आणि कंबरेपासून अंगठ्यापर्यंतचं अंतर जवळजवळ मीटरभर आहे. सगळे तंतू तुटलेले नसतात. काहींचं काम नुसतं बंद पडलेलं असतं, ते आठवड्यांत-महिन्यांत सुरू होतं. सहसा कळ आधी जाते, मग ताकद येते, बधिरपणा सगळ्यात शेवटी. कुणाकुणाचा थोडा कायमचाही राहतो. हे मी पेशंटला पहिल्याच भेटीत सांगते, कारण बधिर अंगठ्याकडे बघत दिवस काढणारी माणसं चालणं सोडून देतात.

कार्डावर मधुमेह लिहिलेला असेल तर साखर ताब्यात आणणं हाही नसेचाच उपचार आहे. घरात मांसाहार नसेल तर बी-१२ तपासून घ्या, ते कमी असेल तरी पायांना मुंग्या येतात आणि दोष ऑपरेशनला जातो. मांडीची फक्त बाहेरची बाजू बधिर असेल तर तेही वेगळं प्रकरण. ऑपरेशनमध्ये तास-दोन तास पालथं झोपवतात, तेव्हा जांघेजवळच्या हाडाशी त्वचेची एक नस दाबली जाते. तिचा ताकदीशी काही संबंध नसतो, आणि बहुतेकांची आपोआप सुटते.

आगीसाठी प्रीगॅबालिन किंवा गॅबापेन्टिन दिलं असेल तर बरं वाटलं म्हणून एकदम बंद करू नका, डॉक्टरांना विचारून हळूहळू उतरवायचं असतं. त्याने गुंगी येते, म्हणून रात्री बाथरूमपर्यंतचा दिवा चालू ठेवा. प्रीगॅबालिनने दोन्ही घोटे थोडे सुजू शकतात. एकच पोटरी सुजली, दुखायला लागली, गरम लागली तर मात्र रक्ताची गुठळी असू शकते, तेव्हा त्याच दिवशी दाखवा.

बधिर पायाला गरम पाण्याची पिशवी अजिबात नको. लोकमान्यनगरच्या एका काकूंनी बरं वाटेल म्हणून रात्री पिशवी पायाशी ठेवून झोप काढली. सकाळी मी गेले तेव्हा पायावर लिंबाएवढा पाण्याने भरलेला फोड होता, आणि त्या मला विचारत होत्या की चादर ओली कशाने झाली. दुखलंच नव्हतं. रोज रात्री तळवा आणि बोटांच्या बेचक्या उजेडात बघा. अंघोळीचं पाणी आधी हाताने बघायचं. अंगठ्याच्या चपला कपाटात ठेवा, मागे पट्टा असलेले सँडल किंवा बूट घ्या. आणि मालिशवाल्याला, हाड बसवणाऱ्याला दारातूनच परत पाठवा, नातेवाइकांनी कितीही आग्रह केला तरी. तीन आठवड्यांच्या टाक्यांवर आणि चिडलेल्या नसेवर तेल रगडून नस सुटत नाही.

पंजा पडत असेल तर घोट्याला आधार देणारा स्प्लिंट मागून घ्या. काहींना वाटतं त्याने पाय आळशी होतो. माझा अनुभव उलटा आहे: न अडखळता चालता आलं की माणूस जास्त चालतो. आपल्याकडचे उखडलेले पेव्हर ब्लॉक अशा पायाला फार धोक्याचे आहेत. तलावपाळीला संध्याकाळच्या गर्दीत नेऊ नका. सोसायटीच्या आवारात सपाट जागी, दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं चालवा. वाकण्याचं आणि जमिनीवर बसण्याचं बंधन किती, हे सर्जनच ठरवतील.

आता जे सगळ्यात महत्त्वाचं आहे ते. लघवी तुंबणं किंवा नकळत होणं, शौचावरचा ताबा जाणं, बसताना टेकतो तो भाग आणि मांड्यांच्या आतली बाजू बधिर होणं, दोन्ही पाय लुळे पडणं: यातलं एक जरी दिसलं तरी मध्यरात्र असली तरी निघा, १०८ ला फोन करा. इथे तासांचा हिशोब असतो. घोडबंदर रोडवर ट्रॅफिक असेल, सकाळच्या ओपीडीत जाऊ, असा विचार करू नका. ताप, जखमेतून पू, किंवा पातळ पाण्यासारखा स्राव आणि उठून बसलं की डोकं दुखणं, यासाठीही त्याच दिवशी जा.

पुढच्या भेटीत 'मुंग्या कधी जातील' याआधी 'आजची ताकद किती, कार्डावर लिहून द्या' असं सांगा. एनसीव्ही-ईएमजीची, म्हणजे नस आणि स्नायू किती काम करतात ते बघणाऱ्या तपासणीची, गरज आहे का तेही विचारा, ती ऑपरेशननंतर तीन आठवड्यांच्या आत केली तर फसवी येऊ शकते, तुमचे आता झालेत. ऑपरेशनमुळे आतलं अजून सुजलेलं असतं, म्हणून घाईने एमआरआय केला तर तो वाचणं अवघड जातं. पुढे कधी करायचाच झाला तर औषध टोचून करायचा का, ते विचारा, त्याने नवीन निघालेली गादी आणि जखमेचा व्रण वेगळे ओळखता येतात.

अंगठ्याची परीक्षा करून दोन्ही पायांत काय फरक दिसला आणि कार्डावर ईएचएलपुढे काय लिहिलंय, ते खाली कळवा. त्यावरून सर्जनना व्यायामाबद्दल नेमकं काय विचारायचं ते सांगते.